पायरी दोन, पाच लिटर: मशीनचं पुस्तक लिहायची वेळ आली तर

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका शेडमध्ये नव्या हायड्रॉलिक प्रेसच्या पॉवर पॅकमध्ये, म्हणजे टाकी आणि पंपाच्या जोडणीत, तेल भरायचं होतं. पुस्तकात दुसरी पायरी अशी छापलेली:

२. ५ लिटर तेल घाला.

पोरानं अडीच लिटर घातलं. त्याची काही चूक नव्हती. दोन, टिंब, पाच, असंच तर कागदावर होतं. तेल सक्शनच्या जाळीच्या वर आलंच नाही, पंपानं हवा ओढली आणि डब्यात खडे घालून हलवावेत तसा आवाज यायला लागला. तो आवाज ओळखणारे एक जुने फिटर जवळच होते म्हणून मशीन लगेच बंद झालं, नाहीतर पंप खोलायची वेळ आली असती. दुपारी मशीन बनवणाऱ्या मालकांचा फोन आला. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "मॅडम, ते टिंब तुमचंच की."

माझंच होतं. हस्तलिखितात मालकांच्या मुलानं '२)' असं लिहिलं होतं. मला ते अर्धे कंस ओबडधोबड वाटले, म्हणून सगळीकडचे काढून टिंबं दिली. पान देखणं झालं.

मी बेळगावातल्या शहापुरात डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावायचं काम करते. १९९८ साली पेजमेकर आणि श्री-लिपी या सॉफ्टवेअरवर सुरुवात केली. लग्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल, जत्रेची हँडबिलं. मग उद्यमबाग, मच्छे, काकतीकडचे कारखानदार यायला लागले. मशीन विकलं की सोबत पुस्तक द्यावं लागतं आणि गिऱ्हाईक निपाणीचं, कोल्हापूरचं, इचलकरंजीचं असलं की ते मराठीत मागतं. इंजिनियर इंग्रजीत चार कागद खरडून देतो, पुढचं सगळं माझ्या गळ्यात. तुमच्याही गळ्यात असं काही पडलं असेल, तर माझ्या चुका तुमच्या उपयोगी पडतील.

सगळ्यात आधी, वाचणारा कोण हे डोळ्यांपुढं आणा. आमच्याकडच्या शेडमध्ये मराठी शाळेत शिकलेला असतो, कानडी शाळेत शिकलेला असतो, आणि आता बिहार-ओडिशाकडून आलेली पोरं असतात. ती देवनागरी वाचतात, पण हिंदी म्हणून. हे पुस्तक कुणी खुर्चीत बसून वाचत नाही. एकजण वाचतो, दुसऱ्याच्या हातात पाना असतो. वाचणारा जिथं थांबेल तिथं त्याचा हात काम करणार. लग्नपत्रिकेतला स्वल्पविराम चुकला तर मामांचा फोन येतो, इथं हात मशीनमध्ये असतो.

आकड्याजवळचं चिन्ह

माझ्या हिशेबानं मशीनच्या पुस्तकातला निम्मा घोळ आकड्यांच्या आजूबाजूला होतो, म्हणून इथं जरा जास्त वेळ घालवते.

पायरीच्या क्रमांकानंतर टिंब देऊ नका. '२)' द्या, नाहीतर सरळ 'पायरी २' लिहा. आणि क्रमांकानंतर लगेच दुसरा आकडा येऊच देऊ नका. वरचं वाक्य मी आता असं लिहिते:

पायरी २) टाकीत तेल घाला: ५ लिटर.

क्रियापद मधे आलं, आकडा शेवटी गेला, त्याच्या शेजारी गोंधळ घालायला कुणी उरलं नाही. शाळेतल्या बाईंनी अशा वाक्यरचनेला लाल रेघ मारली असती. मारू दे.

एकापेक्षा लहान संख्या असली की पुढचं शून्य लिहायचंच. '.५' नाही, '०.५'. पुस्तकाची झेरॉक्स होते, झेरॉक्सची झेरॉक्स होते आणि तिसऱ्या पिढीत टिंब गळून पडतं. शून्य असलं तर निदान '० ५' असं विचित्र काहीतरी दिसतं आणि माणूस विचारायला तरी जातो.

स्वल्पविरामाची गोष्ट वेगळी. जर्मनीहून किंवा इटलीहून आलेल्या मशीनच्या कागदावर दशांशाच्या जागी टिंब नसतं, स्वल्पविराम असतो. 'तेल १,२५० लिटर' म्हणजे सव्वा लिटर. मी पहिल्यांदा ते बाराशे पन्नास म्हणून टाइप केलं आणि इंजिनियर पोट धरून हसला. अशी अवाढव्य चूक निदान हसून सापडते. '१,५' चं कुणी 'एक ते पाच' केलं तर ते खपून जातं, ती चूक वाईट. आंतरराष्ट्रीय वजनमाप परिषदेनं २००३ साली दशांशासाठी टिंब आणि स्वल्पविराम दोन्ही चालतील असं ठरवलं. मोठ्या संख्येचे तीन-तीनचे गट पाडायला मात्र दोन्ही नकोत, बारीक मोकळी जागा सोडा, असं सांगितलं. आपल्या वाचकाला त्या मोकळ्या जागेची सवय नाही. तो लाखाच्या हिशेबानं '१,५०,०००' वाचतो. मी तेच ठेवते, किंवा 'दीड लाख' असं अक्षरात लिहून मोकळी होते. बाहेरच्या कागदावरून मराठी करताना मात्र प्रत्येक स्वल्पविरामाला पेन्सिलीनं गोल करून इंजिनियरकडून सही घेते. हा माझ्या दुकानाचा नियम आहे आणि त्याला अपवाद नाही.

अपूर्णांकाच्या बाबतीत मराठी श्रीमंत आहे आणि आपण ती श्रीमंती वापरत नाही. दीड इंची पाइप आकड्यात लिहायला गेलं की '१ १/२' होतं आणि मधली जागा थोडी आवळली की '११/२', म्हणजे साडेपाच इंच. त्यापेक्षा 'दीड इंच' लिहा. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच. हे शब्द चुकीचे वाचताच येत नाहीत. इंचासाठी आकड्यावर दोन रेघा देऊ नका. कॉम्प्युटर त्यांची अवतरणचिन्हं करतो आणि मग वाक्य कुठं सुरू झालं ते कळत नाही. जुने कामगार अजून सुतात बोलतात, एका इंचाला आठ सूत. बोलू दे, पण पुस्तकात सूत नको. तीन सूत म्हणजे साडेनऊ मिलिमीटरच्या वर, आणि नवा पोरगा त्याला तीन मिलिमीटर समजतो.

प्रेशर बारमध्ये मोजतात, तिथं '१५०-२०० बार' लिहू नका, '१५० ते २०० बार' लिहा. मधली आडवी रेघ कधी 'ते' असते, कधी 'उणे' असते, कधी नुसतीच जोडरेघ असते. 'ते' हा शब्द एवढा छोटा आहे की जागा वाचवण्याचं कारण कुणी सांगू नये. तापमान शून्याखाली असेल तर 'उणे ५' असं अक्षरात.

एककाला आणि आकड्याला मधे एक जागा द्या, आणि ती जागा ओळ तुटल्यावर न सुटणारी असू द्या, नाहीतर '२५' एका ओळीत आणि 'न्यूटन-मीटर' दुसऱ्या ओळीत जातं. इथं एक बारीक पण महत्त्वाची खोड सांगते. टॉर्कचं, म्हणजे नट आवळताना लागणाऱ्या पिळाच्या जोराचं, एकक 'न्यूटन-मीटर' आहे. काहीजण त्याचं 'न्यूटन/मीटर' करतात, तिरकी रेघ ऐटीत दिसते म्हणून. तिरकी रेघ म्हणजे भागाकार, आणि मग ते टॉर्क राहतच नाही. संक्षेपात टिंबं द्यायची का नाहीत, 'मि.मी.' का 'मिमी', यावर भांडणारे लोक मला भेटलेत. मी 'मिमी' लिहिते, कारण वाक्याच्या शेवटी 'मि.मी..' अशी टिंबांची जत्रा भरत नाही. तुम्ही दुसरं ठरवा, पण एकाच पुस्तकात दोन्ही नकोत.

प्रमाण सांगायचं असेल, समजा मशीन थंड ठेवणाऱ्या कूलंटचं, तर 'कूलंट १:२०' असं लिहून सोडून देऊ नका. एक कशाचा आणि वीस कशाचे? 'आधी २० लिटर पाणी घ्या. त्यात १ लिटर कूलंट ऑइल ओता.' यात क्रमसुद्धा आला. पाण्यात ऑइल ओतायचं असतं. ऑइलमध्ये पाणी ओतलं की ते नीट मिसळत नाही, फुटतं. दोन टिंबांच्या चिन्हात हे काहीच मावत नाही.

आता नाजूक विषय. पुस्तकात आकडे मराठी का इंग्रजी? आमच्या भागात हा प्रश्न साधा नसतो. एक गिऱ्हाईक मला म्हणालं, "पाट्यांवरनं मराठी चाललीच आहे, आता पुस्तकातनं पण काढता काय?" त्यांचं दुःख मला कळतं, मी इथलीच आहे. पण देवनागरी १ आणि इंग्रजी नऊ शेजारी ठेवून बघा. देवनागरी ४ आणि इंग्रजी आठ बघा. कानडी शाळेत शिकलेल्या पोरानं १५० बारचं ९५० वाचलं तर? म्हणून माझा नियम असा, गेजवर, म्हणजे प्रेशर दाखवणाऱ्या तबकडीवर, जे आकडे छापलेत तेच पुस्तकात. माणूस पुस्तकातून मान वर करून गेजकडं बघतो, तिथं त्याला तोच आकार दिसला पाहिजे. या लेखात मी देवनागरी आकडे वापरतेय, कारण हा वाचून कुणी नट आवळणार नाही.

थांबायचं कुठं

मराठीत क्रियापद शेवटी येतं. गोष्ट सांगताना यात मजा आहे, मशीनच्या पुस्तकात धोका आहे. हे वाक्य बघा, एका जुन्या पुस्तकातलं, मीच लावलेलं:

मशीन चालू असताना गार्ड उघडून आत अडकलेला तुकडा हाताने किंवा पक्कडीने काढण्याचा प्रयत्न करू नये.

'नये' येईपर्यंत वाचणाऱ्यानं गार्ड, म्हणजे मशीनचं संरक्षक झाकण, उघडला, पक्कड हातात घेतली आणि तुकडा काढायला आत हात घातला. शेडमध्ये आवाज असतो, एक ओरडून वाचतो, दुसरा ऐकता ऐकता करतो. नकार सगळ्यात शेवटी आला तर उशीर झालेला असतो. आता असं लिहिते:

मशीन चालू आहे? गार्ड उघडू नका.
आधी मशीन बंद करा. मेन स्विच काढा.
मग गार्ड उघडा. तुकडा पक्कडीने काढा. हात घालू नका.

प्रश्नचिन्ह पाहून तुम्हाला नवल वाटेल. इंग्रजी पुस्तकात असं फारसं दिसत नाही. पण मराठीत प्रश्न विचारला की ऐकणारा थांबतो आणि उत्तराकडं बघतो. 'जर-तर'पेक्षा ते लवकर कळतं. 'जर' पुढं गेला आणि 'तर' पुढच्या पानावर राहिला असं मी पाहिलंय.

एका वाक्यात एकच काम. 'आणि', 'व', 'तसेच' दिसला की तिथं पूर्णविराम देता येतो का ते बघा. दहातल्या आठ वेळा येतो. 'व' तर मी हद्दपारच केलाय. एवढंसं अक्षर, ओळीच्या टोकाला पडलं की दिसत नाही.

दुहेरी नकार मोडा. 'प्रेशर शून्यावर येत नाही तोपर्यंत नट सैल करू नका' हे बरोबर आहे, पण दोन नकारांमध्ये माणूस घुटमळतो. 'गेज बघा. काटा शून्यावर येऊ द्या. मग नट सैल करा.' एवढं पुरे.

'की' या शब्दाबद्दल बेळगावकरांना वेगळं सांगायला नको. आपल्याकडं तो कशालाही चिकटतो. 'जा की', 'कर की', 'आलो की'. त्यातून तो 'किंवा' आहे, 'असं' आहे, 'झाल्याबरोबर' आहे. एका पुस्तकात होतं, 'बटण दाबा दाब वाढला की सोडा'. मी ते वाक्य ऑपरेटर मामांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "दाबा-दाब म्हणजे दोनदा दाबायचं व्हय?" हसू नका, चिन्ह नाही म्हटल्यावर तसंच ऐकू येतं. नुसता पूर्णविराम दिला तरी निम्मा प्रश्न सुटतो, पण 'दाबा' आणि 'दाब' शेजारी राहतातच. शेवटी असं केलं: 'बटण दाबून धरा. प्रेशर १५० बार झालं, की बटण सोडा.' दाबाचं प्रेशर केलं म्हणून एका प्राध्यापकांनी मला ऐकवलं. त्या गेजवर इंग्रजीत प्रेशरच लिहिलंय आणि शेडमध्ये प्रेशरच म्हणतात.

स्वल्पविराम 'झालं' नंतर दिला, व्याकरणाच्या पुस्तकात त्याची गरज नाही. पण मोठ्यानं वाचताना तिथं श्वास घ्यायला हवा, आणि श्वास घेतल्यावर माणूस गेजकडं बघतो. मराठीत स्वल्पविराम, पूर्णविराम ही मंडळी तशी पाहुणीच. एकोणिसाव्या शतकात मेजर थॉमस कँडी या इंग्रज अधिकाऱ्याच्या हातून ती आपल्या छापील पुस्तकांत रुळली. मोडीत चिन्हं नाहीत आणि दोन शब्दांमध्ये जागाही सोडत नसत. आमच्या घरात खानापूरकडच्या जमिनीचं एक मोडी खत आहे. वाचून घ्यायला जाणकाराकडं नेलं, तर शब्द कुठं तोडायचा म्हणून तेही दोन ठिकाणी अडले. पाहुण्यांना आपण कामाला लावतो तसं मी स्वल्पविरामाला लावते, पंगतीत कुठं बसायचं ते नंतर बघू.

हिंदी माहितीपत्रकावरून मराठी करताना वाक्याच्या शेवटी उभा दंड (।) तसाच राहून जातो. आकड्यानंतर तो आला की इंग्रजी एकसारखा दिसतो आणि पाचाचे एक्कावन्न होतात. शोधून शोधून काढा.

क्रियापदाचं रूप सगळीकडं 'करा'. 'करावे' म्हटलं की सल्ला वाटतो, जमलं तर करावं. 'करणे' म्हटलं की तहसीलदाराचं पत्र वाटतं. 'करण्यात यावे' म्हटलं की ते दुसऱ्या कुणीतरी करायचंय असं वाटतं. 'करा' ला स्त्री-पुरुष भेदही नाही. मी घरात 'मी येतो', 'मी जेवलो' असंच बोलते, आमच्याकडं बायका तसंच बोलतात; लिहिताना मात्र 'येते' लिहिते. पुस्तकात हा प्रश्नच नको. फेटलिंगला, म्हणजे ओतीव भाग घासून साफ करायला, बायकाही असतात.

इशारा आधी, काम नंतर

इशारा कामाच्या पायरीच्या वर छापायचा, खाली नाही. हे इतकं उघड आहे, तरी दर दुसऱ्या हस्तलिखितात मला तो खाली सापडतो.

'धोका', 'सावधान', 'इशारा' हे शब्द चवीपुरते टाकायचे नसतात. अमेरिकेच्या झेड ५३५ या सुरक्षेच्या इशाऱ्यांच्या मानकात चार पायऱ्या आहेत आणि मी त्यांना चार मराठी शब्द नेमून दिलेत. टाळलं नाही तर माणूस मरणार किंवा गंभीर जखमी होणारच, तिथं लाल रंगात 'धोका'. तसं होऊ शकेल, तिथं केशरी 'इशारा'. किरकोळ किंवा मध्यम इजा होऊ शकेल, तिथं पिवळं 'खबरदारी'. माणसाला काही होणार नाही, फक्त मशीनचं नुकसान, तिथं निळी 'सूचना'. मालकांचा आग्रह असतो की सगळीकडं 'धोका' टाका, म्हणजे पोरं ऐकतील. उलट होतं. ग्रीस कमी झालं तरी धोका आणि अकरा हजार व्होल्टलाही धोका, मग तो शब्द भिंतीवरच्या कॅलेंडरसारखा होतो.

कानडी पुस्तकात पहिल्या जागी 'अपाय' येतो. ट्रान्सफॉर्मरवर कवटीच्या खाली तोच लिहिलेला असतो, त्यामुळं मराठी शाळेतल्या पोरालाही तो ओळखीचा. दोन्ही भाषांचं पुस्तक असेल तर पायऱ्यांचे क्रमांक आणि इशाऱ्यांच्या जागा तंतोतंत सारख्या ठेवा. एकजण मराठीत वाचतो आणि दुसरा कानडीत बघतो, तेव्हा दोघंही 'पायरी ७' वरच असले पाहिजेत.

इशाऱ्याला उद्गारचिन्ह एक. तीन उद्गारचिन्हं वाढदिवसाच्या फ्लेक्सवर शोभतात. आणि इशारा कधीही कंसात टाकू नका. घाईतला माणूस कंस ओलांडून जातो, कंसातलं म्हणजे नसलं तरी चालेल असंच आपण शाळेत शिकलोय.

टायपिंगचा एक छुपा चोर

इनस्क्रिप्ट या देवनागरी मांडणीच्या कीबोर्डवर टाइप करत असाल तर ही गोष्ट तपासा. त्यावर इंग्रजी अपूर्णविरामाच्या कळीवर 'छ' येतो, अर्धविरामाच्या जागी 'च', अवतरणाच्या जागी 'ट' आणि 'ठ'. प्रश्नचिन्हही जाग्यावर नाही. म्हणजे दोन टिंबं हवी असली तर इंग्रजीत जाऊन परत यावं लागतं. त्याचा कंटाळा म्हणून आपण काय करतो? विसर्ग मारतो, तो जोडरेघेच्या कळीवर शिफ्ट धरला की येतो. दिसायला दोन्ही सारखेच. पण विसर्ग हे अक्षराला चिकटणारं चिन्ह आहे. आकड्यानंतर तो टाकला की बऱ्याच फॉन्टमध्ये त्याच्याबरोबर टिपक्यांचं एक रिकामं वर्तुळ उगवतं, आणि '१:२०' मध्ये मधेच शून्य आल्यासारखं दिसतं. पडद्यावर ठीक आणि छापल्यावर वर्तुळ, असंही माझ्याकडं झालंय. पुस्तक पूर्ण झालं की विसर्ग शोधा, एकेक बघा. 'अंतःकरण', 'दुःख' असले शब्द प्रेसच्या पुस्तकात नसतातच, त्यामुळं सापडेल तो विसर्ग चोरच समजा.

'दुसऱ्या', 'बेअरिंगच्या कडेवरच्या खोबणीतल्या' असल्या शब्दांनी आधीच ओळ भरते, त्यात 'दुसऱ्या'मधला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. डोळ्याला फरक दिसत नाही, कॉम्प्युटरच्या शोधाला दिसतो. एकानं तुकडा पाठवला आणि दुसऱ्यानं उरलेलं टाइप केलं असेल, तर एकदा सगळे बदलून एकसारखे करून घ्या.

वही

शुद्धलेखनाचं थोडक्यात. साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा नियम, त्यात १९७२ साली पडलेले चार, असे अठरा मी पाळते. पण त्यात 'व्हॉल्व्ह' कसा लिहायचा ते नाही, आणि मशीनच्या पुस्तकात असलेच शब्द जास्त. म्हणून एक जाड वही केलीय. डाव्या पानावर आम्ही काय लिहायचं, उजव्या पानावर काय लिहायचं नाही. 'ऑइल', 'ऑईल' नाही. 'वॉशर', तोंडानं 'वायसर' म्हणालात तरी, कारण पार्टच्या यादीत वॉशर आहे. 'पाना', पण टॉर्क असेल तिथं 'टॉर्क रेंच'. 'आटे', 'थ्रेड' नाही. एका वस्तूला पुस्तकभर एकच नाव. शाळेत निबंधात तोच शब्द पुन्हा आला की गुण जायचे, इथं दुसरा शब्द आला की माणूस दुसरा पार्ट शोधायला लागतो.

वहीत एक पान बंदी घातलेल्या शब्दांचं आहे. त्यात पहिला 'सोडा'. नट सोडा म्हणजे सैल करा, का काढून टाका? बटण सोडा म्हणजे बोट काढा. ही पायरी सोडा म्हणजे करू नका. आता 'सोडा' फक्त बटणासाठी.

दुसरा 'खाली'. हा मला एका बिहारी पोरानं शिकवला. पुस्तकात होतं, 'टेबल पूर्ण खाली करा.' त्यानं टेबलावरचे सगळे जॉब, म्हणजे कामाला घेतलेले तुकडे, उतरवून बाजूला रचले आणि वाट बघत उभा राहिला. हिंदीत खाली म्हणजे रिकामं. त्याचं बरोबरच होतं. आता 'टेबल खालच्या टोकापर्यंत उतरवा' आणि भांडं असेल तर 'रिकामं करा'.

पॅनेलवरच्या बटणांची नावं एकेरी अवतरणात, पॅनेलवर आहेत तशीच. 'इमर्जन्सी स्टॉप' चं 'आणीबाणी थांबा' करू नका, ते एसटीच्या थांब्यासारखं वाटतं आणि पॅनेलवर ते सापडत नाही. सोबत रंग आणि जागा सांगा: लाल, उजव्या कोपऱ्यातलं, मोठं. दुहेरी अवतरण बोलण्यासाठी असतं, मशीन बोलत नाही.

छापायच्या आधी

पुस्तक इंजिनियरला दाखवू नका. म्हणजे दाखवा, पण आकड्यांसाठी. भाषेसाठी ते मशीन कधी न पाहिलेल्या माणसाला द्या. मी दुपारच्या सुट्टीनंतर शेडमध्ये जाते. पेनाचं टोपण काढते आणि एकाला मोठ्यानं वाचायला सांगते, दुसऱ्याला करायला. मधे बोलायचं नाही, ही अट मी स्वतःला घालते आणि ती फार जड जाते. वाचणारा जिथं मागं जाऊन पुन्हा वाचतो तिथं खूण. करणारा जिथं वाचणाऱ्याच्या तोंडाकडं बघतो तिथं दोन खुणा. गेल्या खेपेला सोळा पानांत एकवीस खुणा झाल्या, त्यातल्या चौदा नुसत्या पूर्णविरामानं सुटल्या.

मग प्रूफ घेऊन खडेबाजारातल्या झेरॉक्सवाल्याकडं. पहिली प्रत काढते, पहिल्यावरून दुसरी, दुसरीवरून तिसरी. तो आता विचारतही नाही. तिसरी प्रत घेऊन ट्यूबलाइटखाली उभी राहते आणि फक्त आकडे वाचते. '०.५' मधलं टिंब दिसलं तर पुस्तक प्रेसला जातं. नाही दिसलं, तर टिंब जाड करायचं आणि परत तीन प्रती.